झडप काढण्यात आली आहे

मित्रांनो, मी भारतीय लोकशाहीचा आधार आहे. हे मी गर्वाने सांगत नाही, नम्रपणे सांगते. मागल्या वर्षी जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा ते सव्वाबारा एवढा वेळ, संसदेच्या एका समितीचे दोन माईक, पाच पाण्याच्या बाटल्या, काजूची एक बशी, एक पुष्पगुच्छ आणि अध्यक्ष महोदयांची दोन्ही कोपरे माझ्यावर टेकलेली होती. माझ्याखाली मासळीचे दोन रिकामे क्रेट होते आणि माझ्यावर पांढरे कापड होते. त्यामुळे मी कोणाला दिसले नाही.

एरवी मी एक जुनी लाकडी झडप आहे. पाच फूट रुंद, तीन फूट उंच, खालच्या दोन फळ्या कुजलेल्या.

वालावलच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठी खारवणे नावाचे गाव आहे. ते नकाशात पटकन सापडत नाही. सरकारी उत्तरांत सापडते. गावाचे भाताचे मळे खाडीच्या पातळीपेक्षा खाली आहेत, म्हणून मळा आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांब बांध आहे. त्या बांधाच्या पोटात एक चौकोनी मोरी आहे. त्या मोरीच्या तोंडावर, खाडीच्या बाजूला, मी वरच्या कडेने टांगलेली होते. भरती आली की खाडीचे पाणी मला ढकलून मोरीवर घट्ट बसवायचे आणि खारे पाणी बाहेर राहायचे. ओहोटी लागली की मळ्यातले जादा गोडे पाणी मला आतून ढकलायचे आणि मी उघडायचे. दिवसातून दोनदा बंद, दोनदा उघडी. मला कुलूप नव्हते, चावी नव्हती, कोणाची मंजुरी लागत नव्हती. माझे कधी उद्घाटन झाले नाही. कदाचित त्यामुळेच मी इतकी वर्षे चालले.

मला धोंडू मेस्ताने घडवले, एकोणीसशे चौऱ्याण्णव साली. मेस्त म्हणजे आमच्याकडचा सुतार. त्याने ऐनाचे लाकूड निवडले, कारण ऐन पाण्यात लवकर हार मानत नाही. फळ्या जोडून झाल्यावर त्याने मला काजूच्या टरफलांचे तेल पाजले. ते तेल हाताला लागले तर कातडी सोलवटते. धोंडूचे दोन्ही तळवे आठवडाभर सोललेले होते. तेव्हा मला वाटायचे की सगळ्याच गोष्टी अशा बनतात, बनवणाऱ्याच्या हाताची थोडी साल घेऊन. पुढे मी संसदेतली उत्तरे ऐकली आणि माझा गैरसमज दूर झाला.

माझी देखभाल गावाने वाटून घेतली होती. दर वर्षी मे महिन्यात एका घराची पाळी. त्या घराने मला काढायचे, वाळवायचे, तेल पाजायचे आणि पुन्हा टांगायचे. याचा कागद कुठे नव्हता. पण दत्ताराम नावाच्या गृहस्थाने एका वर्षी पाळी चुकवली, त्याचे काय झाले ते सांगते. म्हणजे तुम्हाला पुढचे समजेल.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणे घालतात. गावचा मानकरी, म्हणजे आमचे दाजी, देवळासमोर हातात नारळ घेऊन उभा राहतो आणि गावाचे म्हणणे देवाला मोठ्याने सांगतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो ‘म्हाराजा’ म्हणून दम घेतो आणि जमलेले सगळे लोक हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. शेवटी दाजी नारळ फोडतात आणि गाऱ्हाणे संपते. नारळ फुटेपर्यंत कोणी बसायचे नाही, मध्ये बोलायचे नाही आणि नाही तर मुळीच म्हणायचे नाही. गाऱ्हाण्यात नाही म्हणणे हा मोठा अपशकुन.

तर त्या वर्षीच्या गाऱ्हाण्यात दाजींनी पाऊस मागितला, पीक मागितले, मुंबईला असलेल्या पोरांना सांभाळ म्हणून सांगितले आणि त्याच सुरात म्हणाले, “बांधावरच्या झडपेक औंदा त्याल लागूक नाय. ज्याची पाळी होती तो हयच उभो आसा. तेच्या हातसून चूक झाली, ती पोटात घाल, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाले. दत्तारामलाही म्हणावे लागले. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो तेलाचा डबा घेऊन बांधावर हजर होता. कोणी नोटीस काढली नव्हती, कोणी चौकशी नेमली नव्हती. तो मला तेल पाजत होता आणि दाजींना मनसोक्त शिव्या देत होता, पण फळीचा एकही कोपरा त्याने कोरडा सोडला नाही.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षे होती. मळ्यात भात पिकत होते. मळ्याच्या वरच्या कडेला विमलाबाईंची विहीर होती. तिचे पाणी इतके गोड, की एप्रिल-मे महिन्यांत बाकीच्या विहिरी तळाला गेल्या की निम्मी वाडी तिथे कळशा घेऊन यायची. विमलाबाईंचा नवरा बोटीवर खलाशी होता. तो वारल्यावर त्या घरात त्या, त्यांची मुलगी अक्षया आणि ती विहीर एवढेच उरले. विमलाबाई स्वभावाने फटकळ. पाणी भरायला आलेल्या बायकांना त्या म्हणायच्या, “भरा, भरा. माझ्या घोवान माका दुसरा काय ठेवक नाय, पण पाणी ठेवल्यान.” त्यांच्या दारात रांग लागायची, म्हणून गावात त्यांना मान होता. खारवण्यात मान हा पाण्याच्या पातळीप्रमाणे चढतो आणि उतरतो.

मग पंधराएक वर्षांपूर्वी आमचा बांध एका योजनेत गेला.

योजनेत जाणे म्हणजे काय, ते मला आधी समजले नाही. एक फलक आला. त्यावर लिहिले होते की हा बांध शासकीय मालमत्ता असून परवानगीशिवाय त्यास हात लावल्यास कारवाई होईल. गावाला आनंद झाला. यापुढे सरकार पाहील, असे सगळे म्हणाले. पाळी बंद झाली. सरकार पाहू लागले. पाहण्यापलीकडे त्याने काही केले नाही.

धोंडू मेस्त मात्र दोन वर्षे गुपचूप येऊन मला तेल लावत होता. तिसऱ्या वर्षी योजनेच्या मुकादमाने त्याला पकडले. धोंडू म्हणाला, “माझी झडप आसा रे ती.” मुकादम म्हणाला, तुझी होती, आता शासनाची आहे. धोंडूने तेलाचा डबा उचलला, फलक पुन्हा एकदा वाचला आणि घरी गेला. शासनाच्या झडपेला त्यानंतर तेल मिळाले नाही.

ऐन हार मानत नाही, असे मी म्हणाले. लवकर मानत नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझी खालची फळी आधी गेली, मग तिच्यावरची. भरती आली की मी नेहमीप्रमाणे बंद व्हायचे, पण खालून हातभर भोकातून खारे पाणी निवांत आत शिरायचे. पहिल्या वर्षी मोरीजवळचे मळे करपले. दुसऱ्या वर्षी मधले. तिसऱ्या वर्षी विमलाबाईंनी विहिरीचा पहिला तांब्या तोंडाला लावला आणि खाली ठेवला. पाणी अजून खारट नव्हते, मचूळ होते. त्यांनी कोणाला सांगितले नाही. पण बायकांना जिभा असतात. त्या वर्षी मे महिन्यात रांग निम्मी झाली.

अक्षया तोवर कुडाळच्या कॉलेजातून पदवी घेऊन आली होती. तिने ठरवले की हे प्रकरण वर न्यायचे. योजनेत दिल्लीचाही हात होता, म्हणून दिल्लीला न्यायचे. तिने सात खासदारांना पत्रे लिहिली. एकाने उत्तर दिले. त्यांच्या मतदारसंघात समुद्रच नव्हता. पण त्यांनी खरोखर प्रश्न विचारला. तो लेखी उत्तराचा प्रश्न होता. सभागृहात काही प्रश्नांना तोंडी उत्तर मिळते आणि बाकीच्यांना कागदावर. आमचा कागदातला.

उत्तर आले, तेव्हा अक्षया मोबाईल घेऊन बांधावर आली. रेंज तिथेच बरी मिळते. विमलाबाई शेजारी उभ्या होत्या, खाली मी होते. अक्षयाने वाचले की खारवणे येथील बांधाच्या झडपेच्या दुरुस्तीचे काम प्रगतिपथावर असून ते विहित मुदतीत पूर्ण करण्यात येईल.

विमलाबाईंनी वाकून माझ्याकडे पाहिले. भरतीची वेळ होती आणि भोकातून पाणी आत चालले होते. “प्रगती दिसता हां,” त्या म्हणाल्या.

पण अक्षया खूश होती. तिने आईला समजावले की मंत्र्याने सभागृहात ‘करू’ म्हटले की ते आश्वासन होते, त्याची नोंद होते आणि ते पाळले की नाही हे पाहायला खासदारांची समिती असते. सगळे उघड असते, संकेतस्थळावर असते, कोणीही वाचू शकते. हे ऐकून मीसुद्धा भारावले. मला वाटले, दिल्लीतही मे महिन्यात कोणाची तरी पाळी लागते तर.

पुढच्या वर्षी त्याच संकेतस्थळावर त्या आश्वासनापुढे ‘पूर्ण’ असा शब्द दिसू लागला.

आता पारदर्शकता म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकले. पूर्वीच्या काळी खोटे लपवून ठेवावे लागे. आता ते सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ठेवतात, तारखेसह. अक्षयाने ते वाचले, माझा फोटो काढला, भोकात हात घालून आणखी एक फोटो काढला आणि दोन्ही समितीला पाठवले. आठ महिने काही झाले नाही. नवव्या महिन्यात पत्र आले की समितीचा उपगट जानेवारीत अभ्यास दौऱ्यावर किनारपट्टीला येत असून तो खारवण्यास प्रत्यक्ष भेट देईल व ग्रामस्थांचे म्हणणे ऐकेल.

विहीर खारट होते मे महिन्यात. अभ्यास जानेवारीत असतो. जानेवारीत आमच्याकडे हवा छान असते.

तरीही गाव हलले. दाजींनी गावदेव रवळनाथाच्या देवळाचा मंडप झाडून घेतला. विमलाबाईंनी आणि अक्षयाने पुरावे दोन ठरवले, एक विहिरीच्या पाण्याचा तांब्या आणि दुसरी मी. समितीतले साहेब बूट घालून बांधावर येतील न येतील, त्यापेक्षा झडपच त्यांच्यासमोर ठेवावी, असा विचार होता. ऐंशीच्या घरातला धोंडू मेस्त चिखलात उतरला. गंजलेल्या कड्या मला काढताना तुटल्या. “परत टांगताना नवे लागतले,” तो म्हणाला. दत्ताराम आणि आणखी तिघांनी मला खांद्यावर घेऊन देवळापाशी आणले. तीस वर्षांत प्रथमच मी गाव पाहिले. चांगले आहे.

मंगळवारी सकाळी योजनेचा उपअभियंता साहेब आधी आला. माणूस वाईट नव्हता. त्याला दिलेले काम तो करत होता, आणि ते काम बांधाचे नव्हते, दौऱ्याचे होते. शाळेतून मागवलेल्या टेबलाचा पाय निघाला होता. त्याने इकडेतिकडे पाहिले. भिंतीला टेकलेली मी दिसले.

“ही फळी बरी आहे,” साहेब म्हणाला.

विमलाबाई पुढे झाल्या. “साहेब, फळी नाय ती. झडप आसा. दाखवूक हाडलेली आसा.”

“दाखवू ना ताई. तुमचा विषय आला की कापड काढू.”

मला क्रेटवर आडवे ठेवले. वर पांढरे कापड आले. जिथे माझे भोक होते तिथे कापड खाली झुकत होते, म्हणून नेमका त्या जागी पुष्पगुच्छ ठेवला. विमलाबाईंचा तांब्या माझ्यावर ठेवलेला होता. तो उचलून खांबामागे ठेवला गेला आणि बाहेरून आलेल्या पाच बाटल्या मांडल्या गेल्या.

समिती अकरा वाजता आली. अध्यक्ष महोदय दुसऱ्या राज्यातले, वयस्कर, हसतमुख. त्यांना मराठी येत नव्हती, मालवणी तर दूरच. त्यांच्यासोबत टिपण घेणारे एक गृहस्थ होते आणि घड्याळ पाहणारे एक. घड्याळवाल्यांनी सांगितले की एक वाजता मालवणात जेवण आहे. अध्यक्षांनी इच्छा व्यक्त केली की सुरुवात स्थानिक परंपरेने व्हावी. तेव्हा दाजी नारळ घेऊन पुढे आले. दीडदोनशे माणसे उठून उभी राहिली. सगळ्यांनी हात जोडले. समितीनेही जोडले.

कापडाखालून मला दिसत नव्हते, ते मागाहून विमलाबाईंकडून कळले, पण ऐकू सगळे येत होते. दाजींचा आवाज त्या दिवशी फार चांगला लागला होता.

“बा देवा रवळनाथा, आज तुझ्या दारात दिल्लीसून पावणे इले आसत. तेंच्या पायान गावाचा बरा होवंदे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“बांधाची झडप कुजली आसा. मळ्यात खारा पाणी घुसता. पिकाची माती झाली, बायांक पिवक पाणी नाय. तेचा काय ता निवारण करून दी, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि ज्येंच्या हातसून ह्या झाला, तेंका तुझ्या पायाकडे हाडून उभे कर, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

अध्यक्ष महोदयांना तो सूर फार आवडला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी नारळ उचलला. आणि नेमक्या त्या क्षणी घड्याळवाल्यांनी उपअभियंता साहेबाला खूण केली की वेळ जातो आहे, अहवाल सुरू करा.

मित्रांनो, हे नीट ध्यानात घ्या. नारळ फुटला नव्हता.

साहेबाने माझ्यावरचा माईक उचलला आणि मराठीत वाचू लागला; अध्यक्षांच्या हातात हिंदी प्रत होती आणि ‘व्हय’ म्हणजे होय, एवढे त्यांना कोणीतरी सांगितले होते. सरकारी अहवाल वाचताना माणसाला मोठमोठी वाक्ये एका दमात न्यावी लागतात आणि शेवटी थांबावे लागते. “सदर बांधाच्या दुरुस्तीचे काम विहित मुदतीत व समाधानकारकरीत्या पूर्ण करण्यात आले आहे,” तो म्हणाला आणि श्वास घेण्यासाठी थांबला.

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाले.

लोक मूर्ख नव्हते. पण ते देवासमोर उभे होते, हात जोडलेले होते, नारळ दाजींच्या हातात होता. दाजी नारळ उंच धरून तसेच थिजले. समोर पाहुणा बोलत असताना नारळ फोडावा की न फोडावा, याचा काही रिवाज नव्हता. आजवर कोणी असा मध्ये बोललाच नव्हता.

“खारे पाणी येण्याचे प्रमाण पूर्णपणे नियंत्रणात आले असून ग्रामस्थांना पिण्यायोग्य पाणी उपलब्ध झाले आहे.”

“व्हय म्हाराजा.”

या वेळी आवाज जरा कमी आला, पण आला. अक्षया एकटी म्हणाली, “नाय. ह्या खोटा आसा.” तिच्या शेजारच्या म्हातारीने तिचा दंड धरला. “गाराण्यात मधी बोलू नये गो चेडवा. नारळ फुटांदे.”

“याबाबत ग्रामस्थांची कोणतीही तक्रार शिल्लक नाही.”

आणि तेव्हा मला विमलाबाईंचा आवाज वेगळा ओळखू आला. त्या माझ्या अगदी जवळ उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, व्हय म्हाराजा. अर्ध्यावर त्यांचा आवाज अडखळला. पण शब्द तोंडातून गेला होता.

दाजींनी नारळ फोडला. फार जोरात फोडला. तोवर अहवाल संपला होता.

अध्यक्ष महोदयांचे डोळे पाणावले. ते म्हणाले की इतक्या वर्षांच्या सार्वजनिक जीवनात, सभागृहातसुद्धा, कोणत्याही निवेदनाला असा एकमुखी होकार त्यांनी ऐकलेला नाही. टिपण घेणाऱ्यांनी ते लिहून घेतले. घड्याळवाले म्हणाले की मग आता प्रश्नोत्तरांची गरज उरत नाही.

तेव्हा विमलाबाईंनी कापड ओढले.

बाटल्या पडल्या, काजू सांडले, पुष्पगुच्छ माझ्या भोकातून थेट खाली क्रेटमध्ये गेला.  मी सगळ्यांसमोर होते. तीस वर्षे दिवसातून दोनदा उघडले होते, पण असे उघडे पडणे मला नवीन होते.

अध्यक्षांनी विचारले की हे काय आहे. विमलाबाई म्हणाल्या, “ही तुमच्या बांधाची झडप. बघा, कशी आसा ती.”

उपअभियंता साहेबाने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग त्याने हिंदीत अध्यक्षांना सांगितले, सर, ही जुनी झडप आहे. काढण्यात आली आहे.

आणि मित्रांनो, यात एक अक्षरही खोटे नव्हते. मी जुनी होते. मला काढण्यात आले होते.

अक्षया पुढे आली आणि तिने हिंदीत सांगितले की नवी बसवलेलीच नाही, बांधावर चला आणि पाहा. अध्यक्ष बिचारे तयार झाले. दहा मिनिटांची वाट. सगळे निघाले आणि देवळाच्या पायऱ्यांशी थांबले. भरती आली होती. मी मोरीवर नव्हते, म्हणून खाडी विनाअडथळा मळ्यात शिरली होती आणि बांधाकडची पायवाट गुडघाभर पाण्याखाली गेली होती. पाणी अडवायला झडप नव्हती, म्हणून झडप नाही हे पाहायला जाता आले नाही. अध्यक्ष महोदयांनी पाण्याकडे पाहून सांगितले की निसर्ग फार सुंदर आहे. विमलाबाईंनी तांब्या पुढे केला. घड्याळवाले म्हणाले की साहेब बाहेरचे पाणी पीत नाहीत. पाऊण वाजता गाड्या सुटल्या.

त्याच संध्याकाळी ओहोटीला दत्ताराम आणि मंडळी मला पुन्हा टांगायला घेऊन गेली. मुकादम तिथे उभा होता. त्याचे म्हणणे सरळ होते. समितीने झडप काढलेली पाहिली आहे, आता परत लावली तर अहवाल खोटा ठरेल. अक्षयाने दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन विचारले की मग नवी लावा. तिथे सांगण्यात आले की नवी कागदोपत्री लागलेली आहे, आणि लागलेल्या जागी पुन्हा मागणी करता येत नाही. धोंडू मेस्त म्हणाला की माझ्या खालच्या दोन फळ्या बदलायला दोन दिवस पुरतील. तो हे आजही म्हणतो.

समितीचा अहवाल मार्च महिन्यात सभागृहाच्या पटलावर ठेवला गेला. अक्षयाने तो ओटीवर बसून आईला वाचून दाखवला. ‘प्रारंभी स्थानिक कलाकारांनी पारंपरिक सांस्कृतिक कार्यक्रम सादर केला. तदनंतर सादर केलेल्या पूर्तता अहवालास उपस्थित सर्व ग्रामस्थांनी मुद्देनिहाय दुजोरा दिला. जुनी झडप काढण्यात आल्याचे समितीने प्रत्यक्ष पाहिले. सबब सदर आश्वासन पूर्ण झाले असे समजण्यात यावे.’

विमलाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, “सर्व म्हणजे मी पण गो?”

“सगळीच, आये.”

“देवाच्या म्होरे म्हटलंय मी ता,” त्या म्हणाल्या. खासदारांचे, साहेबांचे त्यांना फारसे काही वाटले नव्हते. त्यांच्याकडून त्यांनी आशाच माफक ठेवली होती. पण आपल्या विहिरीविरुद्ध खोटी साक्ष आपणच दिली, आणि तीसुद्धा हात जोडून, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना. त्या मे महिन्यात त्यांच्या दारात एकही कळशी आली नाही. पाणी मचूळ राहिले नव्हते, खारट झाले होते. रांगेतल्या बायका वाटेवरून जाताना मान वळवून दुसरीकडे पाहायच्या. खारेपणाचे कारण कोणी बोलत नव्हते, कारण होकार त्यांनीही दिला होता.

पुढच्या जत्रेला दाजींनी गाऱ्हाणे घातले. पाऊस, पीक, मुंबईची पोरे असे नेहमीचे झाले. मग ते थांबले. 

“पावण्यांच्या दिवशी नारळ माझ्या हातात होतो. वेळेर फोडूक नाय. गावाच्या तोंडातसून खोटा ग्येला ता माझ्यामुळे. ह्या दाजीची चूक पोटात घाल, म्हाराजा.”

कोणीच काही म्हणाले नाही. दाजींची चूक मान्य करायला कोणाची जीभ उचलेना, आणि नाही म्हणायची तर सोयच नव्हती. शेवटी मागच्या बाजूने विमलाबाईंचा आवाज आला, “व्हय म्हाराजा.” मग सगळे म्हणाले.

मित्रांनो, एका मंत्रालयापासून एका मुकादमापर्यंत या प्रकरणाला बरेच हात लागले. त्यांपैकी ‘चूक माझी’ असे म्हणणारा एवढा एकच माणूस निघाला. त्याला तसा कोणताही अधिकार नव्हता. त्याच्याकडे फक्त नारळ होता. तेव्हापासून गावाने एक सुधारणा केली आहे. आता पाहुणे येणार असले की नारळ आधी फोडतात, मग त्यांना बोलू देतात. अजून कोणी आलेले नाही.

अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूने मुलांना दोन शब्द सांगायचे असतात. वस्तूंची निगा राखा, त्यांना तेलपाणी करा, जुने म्हणून टाकून देऊ नका, वगैरे. ते मी सांगणार नाही. खारवण्याच्या लोकांना माझी निगा राखता येत होती. त्यांना ती राखू नका असे सांगण्यात आले होते. माझे मागणे एवढेच आहे की तुमच्यापैकी जे कोणी मोठे होऊन दिल्लीला जातील, त्यांनी एखाद्या टेबलाशी बसण्यापूर्वी कापडाचे टोक उचलून खाली पाहावे. काही नसेल तर नसेल. पुन्हा नीट पसरता येते.

सध्या मी विमलाबाईंच्या परसात असते. त्यांनी मला विहिरीवर आडवी ठेवली आहे, कोंबड्या पडू नयेत म्हणून. अर्धी विहीर माझ्याखाली आहे, उरलेल्या अर्ध्या भागावर पत्रा आहे. विहिरीत भरपूर पाणी आहे. टँकर बुधवारी येतो.